चेहऱ्यावरची न भरणारी जखम आणि दोन बाटल्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चेहऱ्यावर, मानेवर किंवा डोक्यावर महिनोन्‌महिने न भरणारी जखम घेऊन एखादा माणूस ग्रामीण विदर्भातल्या दवाखान्यात येतो, तेव्हा त्याच्या पिशवीत बहुधा तीन-चार अर्धवट पिळलेल्या मलमाच्या ट्यूब असतात. जखमेचा तुकडा कधी तपासला गेल्याचा कागद मात्र नसतो. यवतमाळ जिल्ह्यातील शासकीय रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत तीस वर्षांहून अधिक काळ तंत्रज्ञ म्हणून काम करून मी निवृत्त झालो. मी डॉक्टर नाही आणि निदान करण्याचा मला अधिकार नाही. परंतु निदानासाठी आलेला नमुना कशाकशाने वाया जातो हे मी नोकरीभर पाहिले, आणि गेल्या दोन वर्षांत ते माझ्या स्वतःच्या घरात पुन्हा पाहावे लागले. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझ्या थोरल्या वहिनींना अनेक वर्षे उजव्या गालात वीज चमकल्यासारखी कळ येत असे. तोंड धुताना येई, घास चावताना येई, कधी नुसता वारा लागला तरी येई. आधी ती दातांची कळ समजून दोन चांगल्या दाढा काढल्या गेल्या. पुढे ट्रायजेमिनल या चेहऱ्याची संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूचे ते दुखणे आहे असे कळले. कार्बामाझेपीनच्या गोळ्यांनी भागेनासे झाले तेव्हा एका मोठ्या शहरातील रुग्णालयात गालातून सुई घालून त्या मज्जातंतूच्या मुळाशी असलेला मज्जापेशींचा पुंजका उष्णता देऊन काही अंशी निकामी करण्यात आला. कळ थांबली. वहिनी पुन्हा कापूस वेचायला जाऊ लागल्या आणि घरात सगळ्यांनीच सुटकेचा श्वास टाकला. आठ-नऊ महिन्यांनी त्यांच्या उजव्या नाकपुडीच्या कडेला एक बारीक खपली धरली. ती निघाली, पुन्हा धरली, पुन्हा निघाली, आणि दिवाळीपर्यंत तिथे चंद्रकोरीसारखी, नाकपुडीची कड कुरतडल्यासारखी जखम झाली. विचित्र गोष्ट ही की नाकाचे टोक अगदी शाबूत होते आणि त्या जखमेत दुखणे म्हणून नव्हते.

त्यानंतर जे घडले ते आपल्या भागातील कोणत्याही कुटुंबाला ओळखीचे वाटेल. औषधाच्या दुकानातून एकापाठोपाठ एक चार ट्यूब आल्या. त्यांतल्या दोन स्टेरॉइडमिश्रित होत्या. शेजारच्या म्हातारीने सांगितले म्हणून एकदा बिब्ब्याचे तेलही लागले. बिब्बा कातडी जाळतो, फोड आणतो, भोवताल काळा करतो, आणि मग पुढे पाहणाऱ्या डॉक्टरला मूळ जखम कोणती आणि बिब्ब्याची कोणती हेच ओळखू येत नाही. नंतर एका दवाखान्यात तुकडा काढला गेला, तो जखमेच्या मधोमध असलेल्या पांढुरक्या सडक्या भागातून, आणि तो साध्या सलाइनच्या बाटलीत ठेवून दोन दिवसांनी तपासणीला गेला. अहवाल आला, ‘नमुना कुजलेला, अपुरा’. दुसऱ्या खेपेस तुकडा कडेवरून नीट घेतला गेला. परंतु तो सगळाच्या सगळा फॉर्मॅलिनमध्ये टाकला गेला. ही बाटली मी स्वतः नेऊन दिली होती. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, त्यामुळे त्या तुकड्यातून क्षयाचे जंतू किंवा बुरशी वाढवून पाहण्याची सोय उरली नाही. तीस वर्षे जी गोष्ट मी शिकाऊ मुलांना सांगत आलो, ती घरचा माणूस समोर असताना विसरलो. या अहवालात लिहिले होते, ‘अविशिष्ट स्वरूपाचा दाह, कर्करोगाच्या पेशी नाहीत’. घरच्यांनी त्याचा अर्थ ‘काही निघाले नाही’ असा घेतला, आणि एका डॉक्टरांनी ‘मग क्षय असेल’ असे समजून दोन महिने क्षयाच्या गोळ्या दिल्या.

कर्करोग नाही असे कळणे मोठ्या दिलाशाचे असते, हे मान्य. परंतु ‘हे नाही’ म्हणजे ‘हे आहे’ नव्हे. डोके आणि मान यांवरील चिघळणाऱ्या जखमांमागे इतके निरनिराळे आजार असतात की एका अहवालातील एका ओळीवर थांबणे म्हणजे अर्ध्या वाटेवर बैल सोडण्यासारखे आहे. क्षयाचेच घ्या. मानेतील गाठ आतून पिकून कातडीतून फुटते आणि वर्षानुवर्षे झिरपत राहते, तिला आपल्याकडे गंडमाळा म्हणतात. कातडीचा क्षय आपल्या देशात ज्या रूपांत अधिक दिसतो त्यांतले हे एक. दुसरे रूप चेहऱ्यावर हळूहळू पसरणाऱ्या तांबूस चट्ट्याचे. त्या चट्ट्यावर प्रकाशकिरणांचा उपचार शोधल्याबद्दल नील्स फिन्सेन यांना १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. आज तोच आजार सरकारी दवाखान्यातून मोफत मिळणाऱ्या गोळ्यांनी बरा होतो. जबड्याच्या कडेला पू गळणारे छिद्र असेल तर त्याचे मूळ पुष्कळदा आतल्या किडलेल्या दातात असते. अशी माणसे वर्षभर बाहेरून मलम लावत राहतात, छिद्र कापूनही घेतात, आणि अखेर दाताचा एक्स-रे काढून दाताचा इलाज केल्यावर ते आपोआप बुजते. त्याच जागी पुवातून पिवळे बारीक कण पडू लागले तर तो ॲक्टिनोमायकोसिस असण्याचा संभव असतो. त्याला पेनिसिलिन लागते, तेही आठवडाभर नव्हे, कित्येक महिने. गालाला आरपार भोक पडून आलेला माणूस आपल्या भागात दिसला तर आधी त्याला तोंड उघडायला लावावे. खर्ऱ्याने (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाने) झालेला तोंडाचा कर्करोग आतून बाहेर आला आहे का, हे पाहिल्याशिवाय दुर्मिळ आजारांची नावे घेण्यात अर्थ नाही.

उन्हात काम करणाऱ्यांच्या चेहऱ्यावर येणारा, कडेने मोत्यासारखी चकाकणारी किनार असलेला ‘बेसल सेल’ कर्करोग काळ्या-सावळ्या कातडीत तुलनेने कमी आढळतो, कारण कातडीतील रंगद्रव्य उन्हापासून संरक्षण देते. पण कमी म्हणजे अजिबात नाही, असे नव्हे. आपल्या लोकांत तो पुष्कळदा काळसर दिसतो, म्हणून तीळ किंवा चामखीळ समजून सोडून दिला जातो. डब्लिनच्या आर्थर जेकब यांनी १८२७ साली पापणीजवळच्या अशा जखमेचे वर्णन केले होते. ती हळूहळू कुरतडत जाते, क्वचितच दूर पसरते आणि वेळेत काढली तर माणूस पूर्ण बरा होतो. जुन्या भाजल्याच्या व्रणात, विशेषतः डोक्यावर लहानपणी भाजलेल्या जागी, वीस-तीस वर्षांनी जखम उघडली आणि भरेनाशी झाली तर तिथेही कर्करोगाची शंका घेतली पाहिजे. चुलीच्या आणि स्टोव्हच्या घरांत वाढलेल्या आपल्या पिढीत असे व्रण किती जणांच्या अंगावर आहेत, हे सांगायला नको.

खरी अडचण त्या आजारांची आहे, जे दिसायला सारखे आणि उपचाराला एकमेकांच्या उलट असतात. ‘पायोडर्मा गँग्रिनोसम’ नावाचा एक आजार आहे. १९३० साली त्याला हे नाव मिळाले ते मेयो क्लिनिकमधील डॉक्टरांकडून (म्हणजे अमेरिकेतील मेयो, नागपूरचे आपले मेयो नव्हे), आणि नाव देताना त्यांचीही दिशाभूल झाली होती. कारण तो जंतूंमुळे पू होण्याचा आजार नाही आणि गँग्रीनही नाही. त्यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा कातडीवर उलटते. जांभळट, आतून पोखरलेली कड, प्रचंड वेदना, आणि सगळ्यांत घातक लक्षण हे की जखम साफ करण्यासाठी जितके खरवडावे, कापावे तितकी ती वाढत जाते. या आजारात स्टेरॉइड द्यावे लागते. आता तशीच दिसणारी मानेवरची जखम प्रत्यक्षात क्षयाची किंवा बुरशीची असेल आणि तिथे कोणी स्टेरॉइड दिले, तर आजाराला मोकळे रान मिळते. उलट, ती पायोडर्मा असताना कोणी रोज खरवडत राहिले तर माणसाचे अर्धे तोंड जाते. नाकाचा मधला भाग आतून पोखरत जाणाऱ्या जखमा आणखी फसव्या असतात. काहींच्या मुळाशी रक्तवाहिन्यांचा दाह असतो, तर काहींच्या मुळाशी लसिकापेशींचा कर्करोग. त्यात वरचा थर मृत झालेला असल्याने पहिल्या, कधी दुसऱ्याही तुकड्यात काहीच निघत नाही आणि खोलवरून पुन्हा घ्यावा लागतो. अशा वेळी ‘एकदा तपासले, काही नाही निघाले’ या वाक्यासारखे घातक वाक्य दुसरे नाही.

बुरशीचा उल्लेख आला तर २०२१ चा उन्हाळा आठवल्याशिवाय राहत नाही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर मधुमेह असलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांत म्युकरमायकोसिस पसरला. टाळूवर काळा डाग, डोळ्याखाली सूज, नाकातून काळसर स्राव ही लक्षणे तेव्हा चहाच्या टपरीवरही माणसे एकमेकांना सांगत होती. त्या वेळी नमुना कसा घ्यायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून रुंद, पडदे नसलेले, काटकोनात फुटलेले बुरशीचे धागे सूक्ष्मदर्शकाखाली थोड्या वेळात कसे पाहायचे, हे लहान ठिकाणच्या प्रयोगशाळांनीही झपाट्याने आत्मसात केले. मनावर घेतले तर आपल्याकडे हे होऊ शकते, याचा तो पुरावा आहे. लाट ओसरली आणि ती तत्परताही तिच्याबरोबर ओसरली.

वहिनींच्या आजाराचा उलगडा कसा झाला ते सांगतो. माझे एक जुने सहकारी आयुष्यभर कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमात गावोगाव हिंडलेले. वर्ध्याजवळच्या दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये सुरू केलेले काम, अमरावतीचे तपोवन, वरोऱ्याचे आनंदवन अशी परंपरा असलेल्या विदर्भात चट्ट्यावर कापूस टेकवून ‘लागतं का?’ असे विचारणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या तयार झाली आहेत. ते एके दिवशी सहज घरी आले. त्यांनी ट्यूब पाहिल्या नाहीत, अहवालही बाजूला ठेवले. अंगणात पडलेल्या वेचलेल्या कापसाच्या ढिगातून बोटभर कापूस घेतला, त्याची वात वळली आणि वहिनींना डोळे मिटायला लावले. डाव्या गालावर वात टेकवताच वहिनींनी हात वर केला. कपाळावर दोन्हीकडे केला. उजव्या गालावर, उजव्या नाकपुडीवर, वरच्या ओठाच्या उजव्या अर्ध्यावर मात्र काहीच नाही. वात बरोबर मधल्या रेषेपलीकडे गेली की पुन्हा हात वर. डोळे उघडून वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, इथं तं मले त्या इंजेक्शनपासूनच काही समजत नाई. नुसत्या मुंग्या चालतात. रात्री खाजवलं तरी बरं वाटते, म्हणून पदरानं घासत राह्यते.”

दीड वर्षात हा प्रश्न त्यांना कोणीच विचारला नव्हता, आणि वहिनींना वाटत होते की सुन्नपणाचा आणि जखमेचा काही संबंध नसावा. सुन्नपणा म्हटला की आपल्याकडे मनात पहिल्यांदा कुष्ठरोग येतो, म्हणून तीही शंका राहू नये यासाठी कानाच्या पाळीचा आणि जखमेजवळचा नमुना तपासला गेला. त्यात काही नव्हते, आणि अंगावर इतरत्र चट्टे किंवा जाड झालेले मज्जातंतूही नव्हते. सर्व कागद एकत्र घेऊन आम्ही एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी जखमेचा आकार, मधल्या रेषेवर थांबणारा सुन्नपणा, शाबूत राहिलेले नाकाचे टोक आणि त्या सुईची जुनी हकीकत हे सगळे जुळवून सांगितले की याला ट्रायजेमिनल ट्रॉफिक सिंड्रोम म्हणतात. मज्जातंतू निकामी झालेल्या जागी बधिरपणाबरोबर मुंग्या येतात, माणूस नकळत तिथे चोळत आणि खरवडत राहतो, दुखत नसल्यामुळे थांबतही नाही, आणि कातडी हळूहळू झिजते. नाकाच्या टोकाला जाणारी शाखा मज्जातंतूच्या वेगळ्या विभागातून येते, म्हणून टोक वाचते. हा आजार पक्षाघातानंतर किंवा चेहऱ्यावर नागीण होऊन गेल्यावरही होऊ शकतो. त्याच्या तुकड्यात नेमके असे काही दिसत नाही. तुकडा घ्यायचा तो कर्करोग, क्षय, बुरशी आणि बाकीचे आजार नाहीत याची खात्री करण्यासाठी. म्हणजे त्या दुसऱ्या अहवालातली ‘अविशिष्ट दाह’ ही ओळ खोटी नव्हती. तिच्या शेजारी वहिनींची हकीकत ठेवणारा कोणी नव्हता, एवढेच. तपासणीच्या फॉर्मवर ‘पूर्वीचा आजार व शस्त्रक्रिया’ या रकान्यात एक आडवी रेघ ओढलेली होती.

त्या रेघेबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण ती मी हजारो फॉर्मवर पाहिली आहे. शहरात बसलेल्या विकृतिशास्त्रज्ञापुढे येतो तो तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा. तो किती दिवसांच्या जखमेचा आहे, कडेचा की मधला, रुग्णाला साखर आहे का, कोणती मलमे लावली, स्टेरॉइड किती दिवस चालले, आधी कुठे सुई किंवा शस्त्रक्रिया झाली, रुग्ण बिकानेरसारख्या कातडीच्या लीशमॅनियासिसच्या (वाळूमाशीच्या चाव्यातून होणाऱ्या, जखमा करणाऱ्या आजाराच्या) भागात मजुरीला गेला होता का, यांतले काही लिहिलेले नसेल तर तो माणूस अंधारात दगड मारणार. ‘अल्सर, निदान करावे’ एवढ्या तीन शब्दांवर आलेल्या नमुन्यांचे अहवालही तसेच तीन शब्दांचे येतात. यात दोष कोणा एकाचा नाही. बाह्यरुग्ण विभागात शंभर माणसे रांगेत असताना फॉर्म भरायला बसणे डॉक्टरला जमत नाही. पण हे काम डॉक्टरनेच करावे असे कुठे आहे? परिचारिका, तंत्रज्ञ, अगदी आशाताईसुद्धा पाच प्रश्न विचारून ते लिहू शकते, आणि जखमेचा फोटो मोबाइलवर तारखेसह काढून ठेवू शकते. महिन्याच्या अंतराने काढलेले दोन फोटो शेजारी ठेवले की जखम वाढते आहे की भरते आहे हा वाद मिटतो.

लोकांच्या बाजूनेही एक गैरसमज आडवा येतो. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ हे वाक्य मी गावोगाव ऐकले आहे, आणि त्यापायी तुकडा द्यायला नकार देणारी माणसे घरी परत जाताना पाहिली आहेत. जखमेच्या कडेचा लहानसा तुकडा घेतल्याने कर्करोग वाढतो या समजुतीला आधार नाही. पायोडर्मासारख्या आजारात तुकडा घेतलेली जागा चिघळू शकते. पण तिथेही दुसरा गंभीर आजार नाही हे पाहण्यासाठी डॉक्टर तो काळजीपूर्वक घेतातच. याच संदर्भात संपादक महोदय, आपल्यालाही एक विनंती आहे. कर्करोग, कुष्ठरोग आणि क्षय हमखास बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने मनाई आहे, तरीही वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिरातींत ‘जुनाट जखमा मुळापासून बऱ्या’ असे मजकूर अधूनमधून दिसतात. एकही जाहिरात न घेता वृत्तपत्र चालत नाही हे मी जाणतो. मात्र ही एवढी गाळता येईल.

आरोग्य विभागाकडे माझी मागणी लहान आहे. प्रत्येक तालुक्यात त्वचारोगतज्ज्ञ नेमा असे मी म्हणत नाही, कारण ते इतक्यात होणार नाही हे मला ठाऊक आहे. भामरागड, एटापल्ली किंवा धारणीसारख्या ठिकाणच्या माणसाला नागपूर-अमरावतीपर्यंत निव्वळ तुकडा देण्यासाठी यावे लागू नये, एवढेच म्हणणे आहे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात दोन बाटल्यांचा एक संच कायम तयार असावा. एका बाटलीत दहा टक्के फॉर्मॅलिन, तुकड्याच्या निदान दहापट. दुसऱ्या, निर्जंतुक बाटलीत नुसते सलाइन, जी फॉर्मॅलिनला न लावता थंड ठेवून त्याच दिवशी क्षयाची सीबीनॅट तपासणी, जंतू आणि बुरशी यांच्यासाठी पाठवायची. दोन्ही बाटल्यांवर वेगवेगळ्या रंगाची चिठ्ठी असावी, म्हणजे घाईतही माझ्यासारख्याची चूक होणार नाही. चार ते सहा आठवडे न भरलेल्या चेहऱ्या-मानेवरच्या जखमेचा तुकडा कडेवरून, थोडी चांगली कातडी धरून, खोलवर आणि शक्यतो दोन जागांहून घ्यावा, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात एकदा हाताने करून दाखवावे. थुंकीचे नमुने तालुक्यातून नेणारी व्यवस्था आधीच आहे, त्याच पेटीत या बाटल्या जाऊ शकतात. आणि अहवाल रुग्णाने मागत फिरण्याऐवजी त्याच्या उपकेंद्राकडे यावा; कारण वेचणीच्या दिवसांत रोजी बुडवून कागद आणायला कोणी जात नाही आणि तो कागद त्या मोठ्या रुग्णालयाच्या खिडकीत पडून राहतो.

वहिनींना आता मुंग्यांसाठी गोळ्या सुरू आहेत, नखे अगदी बारीक कापलेली असतात आणि जखमेवर पट्टी असते. रात्री झोपेत हात जाऊ नये म्हणून माझ्या पुतणीने जुन्या बनियनचे दोन हातमोजे शिवून दिले आहेत. ते घालताना वहिनी हसतात, पण घालतात. नाकपुडीची गेलेली कड परत येणार नाही, ती प्लास्टिक सर्जनकडून करून घेण्याचा विचार पुढच्या हंगामानंतर आहे. जखम मात्र गेल्या चार महिन्यांत तिळाएवढी उरली आहे.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
ता. घाटंजी, जि. यवतमाळ